वाजवणारे हात

संगीताचा इतिहास लिहावयास बसलेला माणूस बहुधा घराण्यांपासून आरंभ करतो. आमच्या मराठवाड्याचा असा इतिहास लिहिला तर त्यात नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) येतील, आंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर येतील. आणि ते यावयासच हवेत. पण ज्या गावांत बैठकीचे गाणे क्वचितच झाले, त्या गावांत संगीत नव्हते काय? मी देवणीत मास्तरकी करतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. जे कानांनी ऐकले तेवढेच सांगतो.

देवणीचे नाव बाहेर ठाऊक आहे ते काळ्या-पांढऱ्या देवणी बैलांमुळे. आमचा उदगीर तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निलंगा व अहमदपूर यांच्यासह तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात. पुढे १९९९ मध्ये देवणीचाच तालुका झाला. कचेऱ्या अशा बदलत गेल्या, पण गावाच्या कानाला त्याची फारशी वार्ता नव्हती. मठात कन्नड वचन आणि मन्मथस्वामींचे मराठी अभंग एकाच टाळावर म्हटले जात. कार्तिकात मन्मथस्वामींच्या कपिलधारची वाट पायी चालणारे भजन म्हणतच निघत. तुळजापूर-माहूरच्या देवीच्या नावाने गोंधळी संबळ व तुणतुणे घेऊन अंगणात उभे राहत. कंधारच्या उरुसाला गेलेला माणूस कव्वाली गुणगुणत परते. मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेला बैल घेऊन गेलेले शेतकरी बैल विकून येत आणि तमाशाच्या फडावरची लावणी घेऊन येत.

या सर्वांच्या तळाशी मात्र एक आवाज होता, तो हलगीचा. कडीवर ताणलेले कातडे, एक जाड टिपरू, एक बारीक काडी, एवढेच ते वाद्य. कातडे सैल पडले की वाजवणारे चिपाडांचा जाळ करीत, त्यावर हलगी शेकत आणि बोटाने टिचकी मारून पाहत. लग्न असो, पोळा असो, की प्रेतयात्रा असो, हलगीवाचून गावाचे पाऊल पुढे पडत नसे. निकड कसली आहे हे ठेक्यावरून घरात बसून कळे. हे सारे शिक्षण बापाकडून मुलाकडे जाई. त्याला घराणे म्हणावयाचे नाही, तर काय म्हणावयाचे? पण ते वाजवणारे बहुधा मातंग समाजाचे. म्हणून त्याला कोणी घराणे म्हटले नाही, बलुते म्हटले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हलगी वाजवावी असे माझ्या मनाने घेतले. वर्गात एक मुलगा होता. त्याचे आजोबा नामांकित हलगीवाले, हे मला ठाऊक होते. मी भर वर्गात त्याला उभे करून म्हटले, "तुझ्या तर रक्तातच आहे." मुलगा म्हणाला, "सर, मला पेटी येते." मी हसलो आणि आग्रह धरला. तो दोन दिवस शाळेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आजोबांनी बाज पुढे केली. मी बोलता बोलता नेहमीचे रडगाणे गायिलो, की डीजेने हलगी मारली. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी हलगी खाली ठिवली तवा डीजे कुठं होता? माझ्या बापाला बोलावणं येत नव्हतं, हुकूम येत होता. अंगात ताप असला तरी जायाचं. पैसा न्हाई, सुगीला खळ्यावर हात पसरायचा. नवरदेवाच्या म्होरं आम्ही वाजवत जायचो. मारुती आला की नवरदेव आत, आन् आम्ही भाईर."

मला माझ्या आत्याचे लग्न आठवले. सगळ्या पंगती उठल्यावर हलगीवाले मांडवाबाहेर बसले होते. आजीने माझ्या हाती तांब्या दिला आणि वरून पाणी ओतावयास सांगितले. मी ओतले होते. त्यांच्या ओंजळी मला आठवतात. चेहरे आठवत नाहीत.

तेव्हा हलगी बंद पडली, असे आपण म्हणतो ते खरे नाही. ती पुष्कळ ठिकाणी जाणूनबुजून खाली ठेवली गेली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना हीन ठरवलेली कामे टाकण्यास सांगितले. १९५६ च्या धर्मांतरानंतर तो विचार खेडोपाडी रुजत गेला. पण ज्यांनी हुकमाचे वाजवणे सोडले त्यांनी गाणे सोडले नाही. भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. मातंग समाजातून आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गात हिंडले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यामागच्या दीर्घ लढ्यातही गाणे होतेच. पेटी आणि ढोलकी घेऊन माणूस प्रथमच स्वतःसाठी गाऊ लागला. तो मुलगा पेटी म्हणत होता, त्यामागे एवढा इतिहास होता आणि इतिहास शिकवणाऱ्या मला तो दिसला नव्हता.

आज डीजेच्या भिंती आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम २००० सालापासून आहे. तो किती पाळला जातो हे वाचक जाणतातच. तरीही हलगी पुन्हा ऐकू येते. सुपारी ठरवून, आगाऊ रक्कम घेऊन वाजवणारे ताफे शहरांतून मिरवणुकांना येतात. हुकूम गेला आणि करार आला, हे मला शुभचिन्ह वाटते. तथापि जो ठेका बापाने मुलाला न देताच मिटवला तो परत येणार नाही. त्या हानीचा दोष वाजवणाऱ्यावर टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही.

संमेलनात त्या मुलाने पेटीवर भीमगीत गायिले. आजोबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. गाणे चालू असता त्यांची बोटे गुडघ्यावर पडत होती. तो ठेका पेटीचा नव्हता.

हा लेख लिहिताना मी त्यांना विचारले, "आबा, तुमचं नाव छापू का?"

ते हसले. "अंकात कशाला, गुरुजी? लग्नाच्या पत्रिकेत छापा की एकदा. वाजवणाऱ्याचं नाव कधी छापलंय का कुणी?"