मोरीतली राख

आपल्या घरांतून राख गेली ती साबणामुळे नव्हे, गॅसमुळे. भांडी घासायच्या पावडरीने राखेला हरवलं असं सगळे धरून चालतात. पण ज्या घरात चूल पेटते तिथे राख रोज फुकट मिळते, आणि फुकटाशी दुकानातली पावडर काय टक्कर देणार? मुंबईत बर्मा शेलने १९५५ साली 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस विकायला काढला. आमच्या वाईला तो पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात रॉकेलचा स्टो आला होता. त्याची राख नाही, काजळी मात्र हवी तेवढी. चूल विझली तसं मोरीतलं राखेचं डबडं रिकामं राहू लागलं आणि भांडी घासायची कशाने, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला. पावडरवाले त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आले. राखेला हटवायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे राखेचा विषय निघाला की मला आवरत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओल्या राखेने खरकट्या कढईवर हात फिरवला की तेलातल्या मोकळ्या आम्लांचा तिथल्या तिथे थोडा साबण होतो. शिवाय राखेचे बारीक कण खरवडायला असतातच. म्हणजे साबण आणि घासणी एकाच मुठीत. आमच्या आजीला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण कुठली राख कशाला हे पक्कं ठाऊक होतं. गोवरीची राख मऊ, ती पेल्या-तांब्यांना. बाभळीच्या लाकडाची जोरकस, ती तेलकट कढईला. राख आधी चाळून घ्यायची, कारण कोळशाचा एखादा खडा राहिला तर पितळेवर चरे उमटतात. घासायला नारळाचं सोडण. बसणं उकिडवं, मोरीच्या कडेला.

मला स्वतःला सगळ्यात हुशारीची वाटते ती युक्ती घासण्याची नाहीच, न घासण्याची आहे. पातेलं चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेप द्यायचा. धुराची काजळी लेपावर बसते, धातूला चिकटत नाही. स्वयंपाक झाल्यावर पाणी ओतून हात फिरवला की लेपासकट सगळं काळं निघून जातं. दोन मिनिटांच्या लेपाने अर्ध्या तासाची घासाघीस वाचायची. ही युक्ती चुलीबरोबरच संपली, कारण गॅसच्या निळ्या ज्योतीला काजळीच नाही.

तांब्या-पितळेची तऱ्हा वेगळी. त्यांच्यावर हवेने चढणारा काळपट थर राखेने नीट जात नाही, त्याला आम्ल लागतं. देशावर चिंच आणि मीठ, कोकणात आमसुलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचं लाल तांबं उघडं पडतं. आमच्याकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. सणाच्या आदल्या दिवशी तो मागच्या अंगणात काढायचा. आजी भिजवलेल्या चिंचेचा चोथा मिठात बुडवून वरून खाली चोळत आणायची, पाण्याने धुवायची आणि मगच राख लावायची. क्रम कधी चुकायचा नाही. आम्लाचा अंश भांड्यावर राहिला तर ते दुसऱ्याच दिवशी डागाळतं. राख अल्कली, ती उरलंसुरलं आम्ल मारते. शेजारपाजारी काही जणी चिंच आणि राख एकत्रच कालवून घ्यायच्या. त्यात धोका काही नव्हता, फक्त दोघी एकमेकींचा जोर खाऊन टाकायच्या. समईला शेवटी शिरगोळ्याच्या रांगोळीचा हात लागे. लखलखाट असा, की वात न लावताच देव्हारा उजळल्यासारखा वाटावा.

भांड्याच्या आतल्या बाजूला मात्र चिंच लावायची नाही. आत कल्हई. कल्हईवाला भाता फुंकून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि कथिलाची कांडी आत फिरली की कापसाच्या बोळ्याने तो रुपेरी थर सगळीकडे पसरवायचा. कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी केली की ती कळकते, हे माझ्या वयाच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

कपड्यांचं काम गावच्या परटाकडे. बारा बलुतेदारांतला तो एक, मोबदला धान्यात. घरी धुवायचं तर सज्जीखार किंवा धुण्याचा सोडा. खाराच्या बाबतीत महाराष्ट्राचं खरं भांडार बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला. उल्कापाताने झालेलं ते सरोवर इतकं खारट आणि अल्कधर्मी आहे की त्याच्या काठावर सोड्याचे क्षार साचतात आणि ते पूर्वी गोळा करून विकले जात. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे आणि काच व साबण करायला लागणाऱ्या वस्तू तिथे मिळतात, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीला साबण इकडे ठाऊक होता. साबण इंग्रजांनी आणला असं जे सरसकट म्हणतात, ते तपासून घ्यावं.

इंग्रजांनी आणली ती साबणाची छापील वडी. सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. कपड्यांना तो चालला, पण सोवळ्याच्या घरात मोरीपुढे त्याला मज्जाव होता, कारण चरबीचा संशय. आर्देशिर गोदरेजांनी १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला तो नेमका हा संशय ओळखून. तरीही ताटवाट्यांना साबण लावायचा म्हटलं की आजी नाक मुरडायची. राख अग्नीतून आलेली, तिच्याबद्दल कुणी काय शंका घेणार!

रेशमाला यातलं काहीच नको. रेशीम प्रथिनाचं बनलेलं, सोड्याने ते मरगळतं आणि रंगही सोडतं. म्हणून पैठणीला रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते फेस करतं पण सोड्यासारखं खात नाही. बिया काढून सालं रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून पाणी गाळायचं. चांदीचे दागिने सराफही याच पाण्यात ब्रश बुडवून उजळतात. फेस डोळ्यांत गेला तर विसरायचं नाही इतकं झोंबतं, तेवढी काळजी घ्यावी.

मग सगळं भराभर बदललं. १९५९मध्ये सर्फ आलं. १९६९मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवर हिंडून निरमा विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास बोहारणीच्या टोपलीत पितळेऐवजी स्टील दिसू लागलं. स्टीलला ना चिंच लागे ना कल्हई. चिंच मोरीतून उठून नुसती आमटीत राहिली. १९८९मध्ये ठाण्यात पितांबरी निघाली तोवर बहुतेक घरांत पितळ देवघरापुरतंच उरलं होतं, आणि तेच बरोबर हेरून ती चालली.

हल्ली गोवऱ्या आणि राखही ऑनलाइन विकत मिळतात, आणि ते पाहून हळहळणारे भेटतात. त्यांच्या घरी उकिडवं बसून घासणारं माणूस बहुधा दुसरंच होतं. माझ्या आईच्या बोटांना थंडीत राखेने भेगा पडायच्या. ती रात्री कोकमतेलाचा गोळा दिव्यावर पातळ करून त्यांत भरायची आणि सकाळी पुन्हा राख. मला विचाराल तर स्टील आल्याचं मला मुळीच दुःख नाही.

दुःख होतं ते क्रम विसरल्याचं. हल्ली प्रत्येक मोबाइलवर घरगुती युक्त्या येतात आणि त्यांत हटकून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फसफसतं जोरात, पण सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारं पाणी. त्यात निदान इजा तरी नाही. पण याच सवयीने काही जण ब्लीचिंगचं पाणी आणि संडासचं ॲसिड एकत्र ओततात, आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर जिवावर बेततं. घरी सफाईला कुणी येत असेल तर हे त्यांना आजच सांगा, आणि त्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नका.