बर्लुस्कोनींना दोनदा हरवणारा प्राध्यापक

26 जानेवारी 1994 रोजी इटलीतील दूरचित्रवाणी वाहिन्यांकडे एक चित्रफीत पोहोचली. सुमारे नऊ मिनिटांच्या त्या फितीत मिलानचा एक उद्योगपती टेबलामागे बसून आपले देशप्रेम सांगत होता आणि राजकारणात उतरत असल्याचे जाहीर करीत होता. पत्रकार परिषद नाही, उलटतपासणी नाही. कॅमेरा त्याचा, संहिता त्याची. दोन महिन्यांनी मतदान झाले आणि मे महिन्यात सिल्व्हिओ बर्लुस्कोनी इटलीचे पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाचे वय तेव्हा जेमतेम चार महिने होते. ‘फोर्झा इटालिया’ हे पक्षाचे नावसुद्धा फुटबॉलच्या मैदानावरच्या आरोळीतून उचललेले होते.

पुढची जवळजवळ दोन दशके इटलीच्या राजकारणात एकच प्रश्न फिरत राहिला: या माणसाला हरवायचे कसे?

प्रश्न साधा नव्हता. देशातील तीन मोठ्या खासगी वाहिन्या, म्हणजे कानाले 5, इटालिया 1 आणि रेते 4, बर्लुस्कोनींच्या उद्योगसमूहाच्या मालकीच्या होत्या. युरोप जिंकणारा एसी मिलान हा फुटबॉल संघ त्यांचा होता. शिवाय 1992 पासून उघडकीला आलेल्या लाचखोरीच्या प्रकरणांनी जुने सत्ताधारी पक्ष अक्षरशः भुईसपाट केले होते, आणि त्या रिकाम्या जागेत ‘मी राजकारणी नाही’ असे म्हणणारा माणूस उभा होता. तो अघळपघळ बोलायचा, विनोद करायचा, प्रतिस्पर्ध्यांना सरसकट ‘कम्युनिस्ट’ ठरवायचा, न्यायाधीशांवर तोंडसुख घ्यायचा. त्यावर गदारोळ उठला की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर पुन्हा तोच.

1994 मध्ये डाव्या आघाडीचे नेते आकिले ओकेत्तो यांनी हे प्रकरण हलक्यात घेतले. आपल्या आघाडीला त्यांनी ‘आनंदी युद्धयंत्र’ असे नाव दिले होते. पराभवानंतर हे शब्द आयुष्यभर त्यांच्या मागे लागले. मतदानाला काही दिवस उरले असताना दोघांची समोरासमोर चर्चा झाली, तीही बर्लुस्कोनींच्याच कानाले 5 वर. प्रतिस्पर्ध्याच्या वाड्यात जाऊन त्याच्याच सदरेवर वाद घालण्यासारखा हा प्रकार. पण ओकेत्तोंची खरी चूक त्या स्टुडिओत झाली नाही. ती आधीच, बेरजेत झाली होती. 1993 च्या नव्या कायद्यानुसार तीन चतुर्थांश जागा एकसदस्य मतदारसंघांतून निवडल्या जाणार होत्या. ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला. अशा पद्धतीत मतविभागणी म्हणजे आत्मघात. बर्लुस्कोनींनी उत्तरेत बोस्सींच्या लेगा नॉर्दशी आणि दक्षिणेत फिनींच्या राष्ट्रवादी पक्षाशी असे दोन वेगवेगळे समझोते केले. हे दोन मित्रपक्ष एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, तरी गणित जुळले. समोर मात्र डावे एकीकडे आणि मध्यममार्गी कॅथलिक दुसरीकडे, असे दोन तंबू पडले होते.

ते सरकार सात महिनेच टिकले. डिसेंबर 1994 मध्ये बोस्सींनी पाठिंबा काढला.

फेब्रुवारी 1995 मध्ये रोमानो प्रोदी पुढे आले. बोलोन्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, ‘इरी’ या अवाढव्य सरकारी उद्योगसंस्थेचे माजी प्रमुख, गोलमटोल चेहऱ्याचे, संथ आवाजाचे गृहस्थ. विरोधकांनी त्यांना ‘मोर्तादेल्ला’ म्हणायला सुरुवात केली. मोर्तादेल्ला हा बोलोन्याचा प्रसिद्ध सॉसेज. मऊ, जाडजूड, कोणालाही न झोंबणारा. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बर्लुस्कोनींशी स्पर्धा करण्यासाठी याहून अयोग्य माणूस शोधूनही सापडला नसता. प्रोदींच्या मोहिमेचे शहाणपण असे की ही स्पर्धा त्यांनी त्या पडद्यापुरती ठेवली नाही.

त्यांनी एक बस घेतली. मार्च 1995 मध्ये इटलीच्या टाचेकडील सालेंतो भागातून ती निघाली आणि गावोगाव फिरू लागली. चौकात थांबायचे, सभागृहात बसायचे, शिक्षक, लहान कारखानदार, चर्चशी जोडलेले कार्यकर्ते आणि जुने डावे कामगार यांना एका खोलीत आणायचे. जागोजागी ‘आम्हाला हवा तो इटली’ या नावाच्या समित्या उभ्या राहिल्या. ज्या दोन परंपरा चाळीस वर्षे एकमेकींविरुद्ध लढल्या, ती ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि कम्युनिस्ट माणसे, आता एकाच टेबलाभोवती पत्रके घडी घालत होती. त्या बसचे खरे कर्तृत्व हे. आघाडीचे चिन्ह ठरले ऑलिव्हची फांदी, नाव ‘उलिव्हो’. डिसेंबर 1995 मध्ये 88 कलमांचा जाहीरनाम्याचा मसुदा आला. तो कंटाळवाणा होता. पण ज्यांना बर्लुस्कोनींच्या आतषबाजीचा कंटाळा आला होता, त्यांना तो आश्वासक वाटला.

याच काळातली एक घटना मात्र डोळ्यांआड करता येत नाही. 11 जून 1995 रोजी खासगी वाहिन्यांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले. एका माणसाच्या हाती तीन वाहिन्या असाव्यात का, हा थेट सवाल होता. सुमारे 57 टक्के मतदारांनी मर्यादा नाकारली. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना ही लढाई आपल्या आवडत्या मालिका आणि चित्रपटांवरचे आक्रमण वाटली. बर्लुस्कोनींना त्यांच्या बालेकिल्ल्यावरच गाठायचे, हा डाव इथे पुन्हा फसला.

21 एप्रिल 1996 च्या निवडणुकीत प्रोदी जिंकले. या विजयाची कहाणी पुढे फार गोड करून सांगितली गेली: सभ्य प्राध्यापकाने धटिंगणाकडे दुर्लक्ष केले, धोरणांवर बोलत राहिला, आणि जनतेने कौल दिला. आकडे वेगळे बोलतात. प्रमाणशीर जागांच्या मतदानात बर्लुस्कोनींच्या आघाडीला सुमारे 42 टक्के मते पडली होती. बोस्सींचा लेगा नॉर्द या वेळी स्वतंत्र लढला आणि सुमारे 10 टक्के मते घेऊन गेला. दोघे एकत्र असते तर निम्म्याहून अधिक मते एका बाजूला गेली असती. उलट प्रोदींनी कट्टर डाव्या ‘रिफोंदाझिओने कोम्युनिस्ता’शी मतदारसंघ वाटून घेण्याचा समझोता केला होता: तुमच्या ठरावीक जागांवर आमचा उमेदवार नाही, बाकी ठिकाणी तुमचा नाही. विचार जुळत नव्हते, सरकारमध्ये सामील व्हायचेही ठरले नव्हते. ठरले होते एवढेच की एकमेकांची मते खायची नाहीत.

सभ्यतेचे मोल यामुळे कमी होत नाही. बर्लुस्कोनींच्या नावाने रोज शिमगा करणारा नेता मध्यममार्गी कॅथलिकांना आणि भांडवलशाहीच्या नावानेच बिथरणाऱ्या डाव्यांना एका पंगतीत बसवू शकला नसता. प्रोदींचा सौम्यपणा मतदारांना जिंकण्यापेक्षा मित्रपक्षांना न दुखावण्याच्या कामी अधिक आला, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

समझोत्याची किंमतही लवकरच मोजावी लागली. ऑक्टोबर 1998 मध्ये रिफोंदाझिओनेने हात काढून घेतला आणि प्रोदींचे सरकार एका मताने पडले. डाव्या आघाडीची सत्ता 2001 पर्यंत चालली, पण पंतप्रधानपद आणि माध्यमांची मालकी यांच्यातील हितसंबंधांच्या संघर्षावर तिने कायदा केलाच नाही. 2000 मध्ये निवडणूक काळातील दूरचित्रवाणी जाहिरातींना आळा घालणारा कायदा तेवढा झाला. 2001 मध्ये बोस्सी पुन्हा बर्लुस्कोनींच्या गोटात आले. रोमचे माजी महापौर रुतेल्ली यांच्याशी चर्चा करायला बर्लुस्कोनींनी सरळ नकार दिला, स्वतःचे सचित्र चरित्र लाखो घरांत टपालाने पोहोचवले, आणि मतदानाच्या पाच दिवस आधी एका चर्चाकार्यक्रमात टेबलावर कागद मांडून ‘इटालियन जनतेशी करार’ सही करून दाखवला. विजय त्यांचाच झाला.

2006 मध्ये प्रोदी परतले. आदल्या ऑक्टोबरात झालेल्या प्राथमिक निवडणुकीत 43 लाखांवर लोकांनी रांगा लावून आपला उमेदवार ठरवला होता. एकाही वाहिनीची मदत न घेता मिळालेली ही प्रसिद्धी होती. या वेळी चर्चाही झाल्या, पण मोजून दिलेल्या मिनिटांच्या कडक नियमांनी. पाल्हाळावर जगणाऱ्या बर्लुस्कोनींची 14 मार्चच्या पहिल्या फेरीत घुसमट उघड दिसली. 3 एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत मात्र शेवटचा शब्द त्यांच्या वाट्याला आला. वेळ संपता संपता त्यांनी राहत्या घरावरील कर रद्द करण्याची घोषणा केली. प्रोदींना उत्तराची संधीच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी बर्लुस्कोनींनी विरोधी मतदारांसाठी एक अश्लील शिवी वापरली. डाव्या तरुणांनी ती अंगरख्यांवर छापून मिरवली. चर्चा कराचीही झाली आणि शिवीचीही, आणि मधल्या काळात प्रोदींची आघाडी विरघळत गेली.

मतमोजणीत कनिष्ठ सभागृहासाठीचा फरक निघाला सुमारे 25 हजार मतांचा, एकूण मते पावणेचार कोटींवर असताना. तरीही प्रोदींना भक्कम बहुमत मिळाले, कारण पहिल्या येणाऱ्या आघाडीला जादा जागा बहाल करणारा कायदा काही महिन्यांपूर्वीच मंजूर झाला होता. तो मंजूर केला होता बर्लुस्कोनींच्या बहुमताने. सिनेटमध्ये परदेशस्थ इटालियनांच्या सहापैकी चार जागांनी प्रोदींना तारले. त्या मतदारांना हक्क मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचलेला मंत्रीही बर्लुस्कोनींच्याच सरकारात होता.

दोन वर्षांनी हेही सरकार कोसळले आणि 2008 ची निवडणूक रोमचे महापौरपद सोडून आलेल्या वाल्तेर वेल्त्रोनी यांनी लढवली. त्यांनी प्रोदींचा धडा मन लावून गिरवला होता. बस घेऊन ते देशातील सर्व प्रांतांत फिरले. बर्लुस्कोनींचे नाव त्यांनी प्रचारात उच्चारलेच नाही; ‘आमच्या विरोधी आघाडीचे प्रमुख प्रतिनिधी’ असा लांबलचक शब्दप्रयोग ते करीत. भाषा संयत, मुद्दे धोरणांचे. एकच गोष्ट त्यांनी बदलली. ओढाताण करणाऱ्या छोट्या डाव्या पक्षांना बाजूला ठेवून त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष जवळजवळ एकट्याने मैदानात उतरला. लेगा नॉर्द या वेळी बर्लुस्कोनींसोबत होता.

निकाल लागला तेव्हा वेल्त्रोनींच्या बाजूला साडेसदतीस टक्के मते होती आणि बर्लुस्कोनींच्या बाजूला जवळजवळ सत्तेचाळीस. बाजूला ठेवलेल्या डाव्यांना सुमारे तीन टक्के मते मिळाली, एकही जागा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच इटलीच्या संसदेत एकाही कम्युनिस्ट पक्षाचा प्रतिनिधी उरला नाही.