पानाच्या निळ्या आकड्याची कुळकथा

शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाच्या ढेपेचा भाव रंगावरून ठरे. औषधी झाडांच्या पानांची आजची परीक्षाही रंगाचीच. कोल्हापुरात एमएस्सीची मुले शेवग्याची, जांभळाची, अर्जुनाची पाने सावलीत वाळवतात, पूड करून मेथनॉलमध्ये अर्क काढतात आणि त्यात फोलिन-सिओकाल्टू नावाचे पिवळे द्रावण व धुण्याचा सोडा घालतात. थोड्या वेळात नळी निळी होते. जितकी निळी तितकी फिनॉले जास्त. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ज्यांचा बोलबाला आहे त्या वनस्पतिद्रव्यांतला मोठा वाटा या फिनॉलांचाच.

पण या द्रावणाचा जन्म पानांसाठी झालाच नव्हता. हार्वर्डचे ऑटो फोलिन आणि रुमानियाचे सिओकाल्टू यांनी 1927 साली ते तयार केले, ते प्रथिनांतले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला. फोलिन यांच्या आधीच्या द्रावणात साका बसायचा. लिथियमचा क्षार घातल्यावर तो थांबला. सुधारणा एवढीच, पण तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहे. 1951 मध्ये लॉरी यांनी याच द्रावणाने प्रथिने मोजण्याची रीत लिहिली आणि तो निबंध विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेला ठरला. वनस्पतींकडे हे द्रावण वळले दारूच्या वाटेने: 1965 साली कॅलिफोर्नियात सिंगलटन आणि रॉसी यांनी द्राक्षमद्यातली फिनॉले त्याने मोजली आणि तुलनेला गॅलिक आम्ल धरले. रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी 1786 साली माजूफळातून वेगळे केलेले हे आम्ल आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यातही आहे. तुलना या आम्लाशी, म्हणून आजही निकाल ‘ग्रॅमला इतके मिलिग्रॅम गॅलिक आम्ल’ असाच लिहितात, मग पानात ते आम्ल असो वा नसो!

जोडीची दुसरी चाचणी जांभळ्या रंगाची. डीपीपीएच हा मुक्त मूलक 1922 साली सापडला. बहुतेक मूलक क्षणात विरतात, हा बाटलीत टिकतो. 1958 मध्ये ब्लॉइस यांनी त्याच्यावर अँटिऑक्सिडंटची परीक्षा बसवली: अर्काने जांभळा रंग फिका पाडून पिवळा केला, की पान पास.

या चाचण्या स्वस्त आणि सोप्या, म्हणूनच फोफावल्या. पण निळा रंग फक्त फिनॉलांमुळे येत नाही. क जीवनसत्त्व आणि फ्रुक्टोजसारख्या साखराही तो आणतात. म्हणजे गुळाचे पाणी घातले तरी नळी निळी होईल. नळीतला गुण शरीरात तसाच उतरतो, हे तर त्याहून वेगळे प्रकरण. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच एका अँटिऑक्सिडंट-क्षमतेच्या आकड्यांचा तक्ता 2012 साली मागे घेतला, कारण कंपन्या तो जाहिरातीत वापरू लागल्या होत्या आणि आरोग्याशी त्याचा संबंध सिद्ध झाला नव्हता. पानात नेमके कोणते द्रव्य आहे हे कळायला एचपीएलसी यंत्रावर अर्क चढवून एकेक द्रव्य वेगळे करावे लागते. ते काम महागडे, वेळखाऊ आणि कमी दिखाऊ.