गेलेली पत आणि गेलेला मुलूख

पूर्वीं एखाद्या व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें म्हणजे तो भरदिवसां आपल्या दुकानांत दिवा लावून बसे, आणि त्यावरूनच 'दिवाळें' हा शब्द रूढ झाला, असें सांगतात. घेणेकऱ्यांनीं तो दिवा पाहून काय तें समजून घ्यावें. आतां ती चाल गेली. दिवाळ्याचा अर्ज न्यायासनापुढें जातो, कायदा ऋणकोला कांहीं संरक्षण देतो आणि यथाकाल त्याची सुटकाही करतो. परंतु ज्या दिवशीं ही सुटका होते त्याच दिवशीं एक नवा प्रश्न उभा राहतो: कर्ज गेलें खरें, पण पत कोठें आहे? सरकारी शिक्क्याच्या कागदानें माणूस ऋणमुक्त होईल; त्या कागदानें दुसऱ्याच्या मनांतील विश्वास परत येत नाहीं. शहरांतील संसारांत हा प्रश्न आज बहुधा क्रेडिट कार्डाच्या रूपानें समोर येतो. बँक अर्ज परत पाठविते, आणि आपलें नांव कोठें तरी लिहून ठेवलेलें आहे याची जाणीव माणसाला होते.

या प्रश्नाचें उत्तर मी आज इतिहासांत शोधणार आहें. आणि तेंही एखाद्या पेढीच्या नव्हे, तर एका संबंध राज्याच्या इतिहासांत.

माझें गांव कळमनुरी. हा तालुका आज हिंगोली जिल्ह्यांत मोडतो. १९९९ पूर्वीं तो परभणी जिल्ह्यांत होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. गांवाच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर हिंगोली, जवळून वाहणारी कयाधू, आणि त्याहून पुढें पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे पुसद, उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा एक, पीकपाणी एक, सोयरिकी एक. तरीही १८५३ पासून सुमारें शंभर वर्षें ही नदी दोन अंमलांची सीमा होऊन राहिली. कोणत्याही लढाईनें ही रेघ ओढलेली नाहीं. ती एका थकलेल्या कर्जानें ओढली.

हें कर्ज झालें कसें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं एक फौज उभारण्यांत आली. पुढें ती कंटिन्जंट या नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि हिंगोली ही तिची एक छावणी होती. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा, अशी ही व्यवस्था. खर्च वर्षाकांठीं सुमारें चाळीस लाख रुपये. राज्याचें उत्पन्न मात्र मक्त्यानें दिलेलें होतें. मक्तेदारानें सरकारला ठराविक रक्कम द्यावी आणि रयतेकडून निघेल तेवढें काढावें. पीक बुडालें, मक्तेदार पळाला, कीं खजिना रिकामा. पण फौजेचा पगार तर दरमहा चुकवावयाचा. कारभार राजा चंदुलाल यांच्या हातीं होता. त्यांनीं जो मार्ग धरला तो आपल्या परिचयाचा आहे: एकाचें देणें भागविण्यासाठीं दुसऱ्याचें ऋण काढावें.

त्यांना तत्पर धनको मिळाला तो म्हणजे हैद्राबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याची १८१६ सालीं परवानगी मिळाल्यानें ती निर्धास्त झाली. व्याज शेंकडा चोवीस-पंचवीसपर्यंत जाई, आणि कर्जाच्या तारणादाखल जिल्ह्यांचे वसूल लिहून दिले जात. १८२० सालीं साठ लाखांचें एक नवें कर्ज ठरलें. राज्याच्या सुधारणेसाठीं म्हणून तें कागदोपत्रीं दाखविलें गेलें. पण त्यांतील मोठा भाग जुन्या बाकीची नवी नोंद आणि पेढीची बक्षिसी एवढाच होता. चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट होऊन आला, त्यानें हिशेब उलगडला, आणि तेथून या पेढीचे दिवस फिरले.

मात्र देणें द्यावयाचें होतेंच. उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रज कंपनीकडून निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश मिळत असे. १८२३ सालीं हा कायमचा हक्क एक कोटी सोळा लाखांहून अधिक रकमेस कंपनीलाच सोडून देण्यांत आला, आणि त्यांतून पामरचें देणें भागलें. दरसालचें दुभतें विकून एकदां सुटका करून घ्यावी, तसा हा प्रकार. पुढच्याच वर्षीं पामर कंपनी स्वतः बुडाली. तिच्यामागून पेस्तनजी मेहेरजी हे पारशी सावकार पुढें आले. वऱ्हाडच्या कापसाचा त्यांचा व्यापार मोठा होता, आणि औरंगाबादेस पाडलेला त्यांच्या नांवाचा 'पेस्तनशाही' रुपया बाजारांत चाले. त्यांनाही वसूल लिहून दिले गेले. पण १८४५ च्या सुमारास ते बळानें काढून घेण्यांत आले, आणि ही पेढीही लयास गेली.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबूं. चढ्या दरानें कर्ज काढणाऱ्या राज्याची पत अद्याप शिल्लक असते. तिची किंमत जबर असते एवढेंच. परंतु तारण म्हणून दिलेला वसूल ज्या दिवशीं बळानें परत घेतला, त्या दिवशीं ती पत संपली. त्यानंतर शहाणा सावकार त्या दारीं कशाला येईल? फौजेचा पगार थकला कीं इंग्रज कंपनी आपल्या खजिन्यांतून तो देई आणि निजामाच्या नांवें लिही. दुसरा कोणी देईना, म्हणून एकच घेणेकरी उरला. आणि तोच सर्वांत बलिष्ठ होता.

१८५१ सालीं लॉर्ड डलहौसीनें बाकीची निकडीची मागणी केली. निजामानें मोठी रक्कम कशीबशी उभी केली. पण दोन वर्षांत देणें पुन्हां पंचेचाळीस लाखांच्या घरांत गेलें. २१ मे १८५३ रोजीं तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या हवालीं झाला. धनीपणा नांवाला निजामाचा राहिला, अंमल इंग्रजांचा झाला. कळमनुरीच्या शेतकऱ्याला पैनगंगेपलीकडील आपलें सासर परक्या अंमलांत गेलेलें दिसलें. त्यानें कोणत्या खतावर सही केली होती?

तह झाल्यावर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज उल मुल्क वारले, आणि त्यांच्या जागीं चोवीस वर्षांचा पुतण्या आला. मीर तुराब अली खान हें त्याचें नांव. इतिहास त्याला सर सालारजंग म्हणून ओळखतो. खजिना रिता, उरलेल्या मुलुखांतील पुष्कळ परगणे अरब व रोहिल्यांकडे गहाण, आणि पगार थकलेले शिपाई दाराशीं धरणें धरून बसलेले, असा तो वारसा होता.

या तरुण दिवाणानें काय केलें, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. त्यानें नव्या पामरचा शोध केला नाहीं. पहिलें काम म्हणजे मक्त्याची पद्धत हळूहळू मोडून वसुलासाठीं पगारी तालुकदार नेमले. त्यामुळें उत्पन्न वाटेंत न जिरतां खजिन्यांत येऊं लागलें. दुसरें, अरब-रोहिल्यांच्या दाव्यांची शहानिशा करून गहाण परगणे सोडवून घेतले. तिसरें, ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून हैद्राबादेस एकच 'हाली सिक्का' पाडविला. म्हणजे सरकारचा रुपया कोठेंही त्याच वजनाचा व त्याच कसाचा मिळूं लागला. चौथें, १८६५ सालीं जिलाबंदी करून राज्याचे जिल्हे बांधले, त्यामुळें कोणत्या भागांतून काय येतें आणि कोठें काय खर्च होतें तें कळूं लागलें. यांतील एकही गोष्ट डोळे दिपविणारी नाहीं. आंत काय येतें तें नक्की कळावें, बाहेर जावयाचें तें ठरल्या दिवशीं जावें, आणि आपला शब्द आपल्या नाण्यासारखा एकाच वजनाचा असावा, एवढेंच त्यांचें सार.

फळ मिळण्यास वर्षें लागलीं. १८६० सालीं नवा तह झाला. रायचूर व धाराशिव हे भाग परत आले आणि सुमारें पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. ही माफी निव्वळ चोख हिशेबाचें बक्षीस नव्हती. १८५७ च्या उठावांत हैद्राबाद सरकार इंग्रजांच्या बाजूस राहिलें, त्याची ती परतफेड होती. म्हणून माफीला मी पतीचा पुरावा मानीत नाहीं. खरा पुरावा पुढें मिळाला. १८७४ सालीं वाडी ते हैद्राबाद आगगाडी सुरू झाली; आणि १८८३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं सालारजंग वारले त्याच वर्षीं, हा लोहमार्ग वाढविण्यासाठीं लंडनमध्यें कंपनी उभी राहिली ती निजाम सरकारनें वीस वर्षें शेंकडा पांच व्याजाची हमी घेतल्यामुळें. तीस वर्षांपूर्वीं ज्या सरकारला चोवीस टक्क्यांनींही कोणी देण्यास धजत नव्हतें, त्याच्या पांच टक्क्यांच्या शब्दावर परदेशचे लोक पैसा गुंतवूं लागले. पत परत आली ती अशी.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. वऱ्हाड परत मिळावा अशी सालारजंगांची आयुष्यभर तळमळ होती. १८७२ च्या सुमारास त्यांनीं इंग्रज सरकारपुढें असा प्रस्ताव ठेवला कीं, आम्ही आपणांकडे मोठी रक्कम अनामत ठेवतों. तिच्या व्याजांतून फौजेचा खर्च कायमचा भागेल. मग मुलूख तारण ठेवण्याचें प्रयोजन उरणार नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें हें म्हणणें बिनतोड होतें. इंग्रजांनीं तें मानलें नाहीं. कापसाचा तो सुपीक मुलूख त्यांना आतां तारण म्हणून नव्हे, तर मुलूख म्हणूनच हवा होता. १९०२ सालीं वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायम पट्ट्यानें त्यांच्याकडे गेला. ज्या फौजेसाठीं हें सर्व झालें ती फौज त्यानंतर हिंदुस्थानच्या सैन्यांत मिसळून गेली, तरीही वऱ्हाड परत आला नाहीं. पैनगंगेचे दोन्ही तीर पुन्हां एका राज्यांत आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, राज्यपुनर्रचनेनें. तोंपर्यंत देणेकरी आणि घेणेकरी दोघेही नाहींसे झाले होते.

यावरून मला जें दिसतें तें असें: गेलेली पत परत मिळवितां येते, पतीच्या अभावीं गेलेली वस्तु परत येईलच असें नाहीं. म्हणून घर, शेत, दागिने यांवर बोजा चढविण्यापूर्वींच थांबणें, हें मागाहून केलेल्या कोणत्याही पराक्रमापेक्षां श्रेयस्कर.

आतां आपल्या घराकडे वळूं. पूर्वींचा सावकार माणसाची पत आपल्या वहींत आणि बाजारच्या बोलण्यांत पाही. आपल्या देशांत २००० सालीं सिबिल ही संस्था निघाली, २००५ सालीं अशा संस्थांविषयीं कायदा झाला, आणि आज प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची नोंद होऊन तिच्यावरून ३०० ते ९०० पर्यंतचा अंक काढला जातो. ज्याचें दिवाळें निघालें, किंवा ज्यानें कर्ज तडजोडीनें मिटविलें, त्याच्या नोंदींत तें तसेंच लिहिलेलें दिसतें. माफी आणि फेड यांतील भेद, जो मी १८६० च्या तहासंबंधानें सांगितला, तो ही वही विसरत नाहीं.

अशा माणसाला साधें कार्ड न मिळालें तरी सालारजंगांचा अनामतीचा मार्ग त्याला खुला आहे. बँकेंत मुदत ठेव ठेवावी आणि तिच्या तारणावर, तिच्या कांहीं हिश्शाइतक्या मर्यादेचें कार्ड घ्यावें. पुष्कळ बँका असें कार्ड देतात. त्यावर महिन्याचा किराणा किंवा विजेचें बिल एवढाच लहानसा खर्च करावा, मर्यादेच्या जवळ जाऊं नये, आणि आलेलें संपूर्ण बिल मुदतीच्या आंत भरावें. 'किमान रक्कम' भरून बाकी पुढें ढकलण्याचा मोह धरूं नये. कारण थकबाकीवरचें व्याज बहुतेक कार्डांवर वर्षाला शेंकडा तीसच्या वर जातें, म्हणजे पामर कंपनीलाही लाजवील असें. एका कार्डाचें देणें दुसऱ्या कार्डानें भागविणें हा तर राजा चंदुलालांचाच कित्ता होय. शिवाय आपली नोंद प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां विनामूल्य मागवितां येते. ती मागवून वाचावी, आणि चूक आढळल्यास दुरुस्त करून घ्यावी. आपला हिशेब आपण पाहिला नाहीं, तर तो दुसरा पाहतो.

महिन्यामागून महिने हें चाललें म्हणजे अंक चढूं लागतो. त्यास थोडा काळ लागतो. एका राज्याला तीस वर्षें लागलीं. एका संसाराला त्याचा लहानसा अंशही पुरेल. मात्र हा मार्ग घरांतील सर्वांना ठाऊक असावा. हैद्राबादचें कर्ज दिवाणखान्यांत झालें आणि त्याची किंमत पैनगंगेकांठच्या रयतेनें दिली, ज्यांना तें विचारून झालें नव्हतें. घरांतलें कर्जही पुष्कळदां एकाच्या सहीनें होतें आणि त्याची झळ पत्नीला, मुलांना, वृद्ध आईबापांना लागते. ज्यांना झळ लागणार त्यांच्यासमोर वही उघडी ठेवावी; पत सांवरण्याचें पहिलें पाऊल बँकेच्या दारांत नव्हे, तर आपल्या माजघरांत पडतें.