कमरबंद आत, पायजमा बाहेर

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. माझा एक जुना विद्यार्थी. जळगावला आमच्या शाळेत तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे हॉटेल मॅनेजमेंट केले आणि आता एका मोठ्या प्रवासी जहाजावर वेटर आहे. एरवी तो ईदला फोन करतो. या वेळी आवाज वेगळा होता.

त्याच्या जहाजावर सफरीतल्या ठरावीक रात्री मुख्य भोजनगृहात औपचारिक पोशाख लागतो. पुरुषांनी डिनर जॅकेट आणि बो टाय, नाहीतर गडद सूट, नाहीतर आपल्या देशाचा औपचारिक पोशाख. हे शेवटचे कलम छापलेलेच आहे. त्या रात्री एक वयस्कर भारतीय गृहस्थ कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजमा आणि वर जाकीट घालून आले. दारावरच्या वरिष्ठाने या पोराला बाजूला घेऊन सांगितले, ते तुझ्या देशाचे आहेत, तूच सांग की हा पोशाख चालणार नाही. पोराने नियमातले ते कलम दाखवले. वरिष्ठ म्हणाला, देशी पोशाख चालतो, पायजमा चालत नाही. मग पोराने जाऊन सांगितले. गृहस्थ काही बोलले नाहीत. बरं बेटा, म्हणून मागे फिरले आणि वरच्या डेकवर, जिथे पोशाखाचा नियम नसतो, तिथे जेवले.

"सर, माझं चुकलं का?" त्याने विचारले.

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याच्या स्वतःच्या अंगावर त्या वेळी काय होते ते विचारले. पांढरा शर्ट, काळा बो टाय, काळी पँट आणि कमरेला काळा रेशमी पट्टा. त्या पट्ट्याला काय म्हणतात? "कमरबंद, सर. इंग्रजीत पण तेच म्हणतात."

तेच म्हणतात. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शब्दांचा माग काढणे हा माझा धंदाच आहे, म्हणून त्या रात्री झोप लागली नाही. कमरबंद आणि पायजमा हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले, आपल्याकडून इंग्रजांकडे गेले आणि जहाजावर चढले. कमर बांधते ते कमरबंद. पायांचा जामा तो पायजमा. जामा म्हणजे वस्त्र. 'सगळा जामानिमा करून निघाले' असे आपण मराठीत म्हणतो, त्यातला हा जामा. मग एका भावाला भोजनगृहात मानाची जागा आणि दुसऱ्याला दारातून परत, हे कसे झाले?

'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात दोन्ही शब्द आहेत. कमरबंदाबद्दल कोशकार सांगतात की हा घरगडी, शिपाई आणि बेकायदा फौजेतले जवान यांच्या पेहरावातला पट्टा. (बेकायदा म्हणजे गुन्हेगार नव्हे, कायम पलटणीबाहेरचे.) पायजम्याबद्दल सांगतात की मुसलमानांकडून युरोपियनांनी तो उचलला, पण घरात सैल बसायला आणि रात्री झोपायला. म्हणजे १८८६ मध्ये कमरबंद नोकराच्या कमरेला होता आणि पायजमा साहेबाच्या बिछान्यात. त्यानंतर काही वर्षांतच हिंदुस्थानातल्या उकाड्याला कंटाळलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जेवणाच्या पोशाखातले जाकीट काढून टाकले आणि त्या जागी शिपायाचा हा पट्टा गुंडाळला. नोकराची वस्तू साहेबाने घेतली की ती फॅशन होते. पायजम्याला ती बढती मिळाली नाही. तो बिछान्यातच राहिला.

या बदलात जहाजांचा वाटा मोठा आहे. राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, १८७५ मध्ये 'सेरापिस' जहाजाने हिंदुस्थानात आला. ८ नोव्हेंबरला तो मुंबईत उतरला. तोवर साहेबाचा संध्याकाळचा पोशाख म्हणजे मागे शेपट्या असलेला लांब कोट. या सफरीत जहाजावरच्या जेवणाला त्याने शेपट्यांना रजा दिली आणि आखूड कोट व काळा बो टाय चालवून घेतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. लंडनच्या सॅव्हिल रोवरचे हेन्री पूल हे शिंपी त्याच्यासाठी असा आखूड कोट १८६५ पासूनच शिवत होते. आज ज्याला अतिऔपचारिक समजतात तो डिनर जॅकेट मुळात सवलत म्हणून आला. तांबड्या समुद्रात तर आणखी सवलत. तिथल्या उकाड्यात कोटही काढायचा, फक्त शर्ट, टाय आणि कमरबंद. या पेहरावाला अजून 'रेड सी रिग' म्हणतात.

पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात साहेब असे बसत. वाढणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती. वर डेकवर दोर ओढणारे खलाशी कोकणातले आणि गुजरातेतले, त्यांत मुसलमान पुष्कळ. त्यांच्यावर तांडेल, तांडेलावर सारंग. इंग्रज या सगळ्यांना 'लास्कर' म्हणत. आपल्या लष्कराचाच तो अपभ्रंश. त्यांचा गणवेष निळा लांब सदरा, डोक्याला टोपी आणि कमरेला लाल रुमाल. म्हणजे त्याच बोटीवर, त्याच संध्याकाळी, एक कमरबंद डेकवर घामाने भिजत होता आणि दुसरा खाली सूप पीत होता. खलाशांच्या जाड निळ्या कापडाचे नावही इंग्रजीत गेले. डंगरी. मुंबईच्या डोंगरीवरून ते पडले असे सांगतात.

पायजम्याला या बोटींवर एक ठरलेली वेळ होती. पहाटे डेक धुवून झाला की साहेब लोक पायजम्यातच, अनवाणी, हातात चहाचा पेला घेऊन फिरत. बायका त्या वेळी वर येत नसत. आठच्या सुमारास हे सगळे बंद, मग कपडे.

आपली माणसे या बोटींवर चढली तेव्हा काय झाले याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट १८८८ ची आहे. ४ सप्टेंबरला अठरा वर्षांचा मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीवर चढला. काटे-चमचे कसे धरायचे ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायची हिंमत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर न जाता तो खोलीतच बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खाई. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. सप्टेंबर संपत आलेला. विलायतेच्या धक्क्यावर उतरला तेव्हा पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच. त्यात दुसरा दिवस रविवार, सामान एजंटाकडे, कपडे बदलायची सोय नाही. आत्मचरित्रात ही लाज त्यांनी लपवलेली नाही. पुढे दहा पौंड घालून बाँड स्ट्रीटवर शिवलेला संध्याकाळचा सूट आणि एकोणीस शिलिंगांची उंच हॅटही त्यांनी लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षी, २ मार्चला, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. हा ड्यूक म्हणजे डिनर जॅकेटवाल्या एडवर्डचा धाकटा भाऊ. फुल्यांना काय घालायचे हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते म्हणूनच त्यांनी ते घातले नाही. गांधींना तिथवर यायला बरीच वर्षे लागली. १९३१ च्या २९ ऑगस्टला ते गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'राजपुताना' बोटीवर चढले तेव्हा अंगावर पंचा आणि चादर होती. सोबत्यांनी फार सामान घेतले म्हणून ते रागावले आणि बऱ्याच पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या.

पण ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती अर्धवट राहते. त्याच परिषदेसाठी दोन आठवडे आधी, १५ ऑगस्टला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मुलतान' बोटीने निघाले होते, आणि ते सुटाबुटात. आमच्या धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले असता ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे हजारो लोक जमतात. मी तीनदा गेलो आहे. तिथे विकायला ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक तसबिरीत सूट आणि टाय दिसतो. ज्यांच्या बापजाद्यांना चांगले कापड अंगावर घालायची बंदी होती, त्यांना पंचा नेसण्यात त्याग दिसत नाही. जो सूट घालू शकतो त्यानेच तो उतरवून दाखवावा. म्हणून टाय म्हणजे गुलामी, असे कोणी भाषणात म्हणू लागले की मला लळिंग आठवते.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे दादा (म्हणजे अब्बांचे वडील, मराठी घरातला थोरला भाऊ नव्हे) धुळ्यात शिंपीकाम करीत. वकिलांचे काळे कोट आणि नवरदेवांचे सूट ही त्यांची खासियत. स्वतः जन्मभर लुंगी आणि सदऱ्यात राहिले. १९८३ मध्ये ते हजला गेले, बोटीने. चाळीसगावला गाडी बदलून मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मुघल लाइनची 'अकबर'. ही कंपनी १८७७ पासून मुंबईहून हाजींची ने-आण करीत होती. १९९५ नंतर हजची बोट बंदच झाली, आता सगळे विमान.

या बोटींवरही पोशाखाचा नियम होता आणि तो कोणत्याही कंपनीने केलेला नव्हता. समुद्रमार्गे जाणाऱ्या हिंदी हाजींची मीकात, म्हणजे एहराम बांधायची हद्द, यलमलम. तांबड्या समुद्रात बोट त्या डोंगराच्या समोर यायच्या आधी भोंगा होई. त्याआधी पुरुषांनी आंघोळ करून शिवलेले सगळे कपडे उतरवायचे. कमरेला एक चादर, खांद्यावर एक चादर, डोके उघडे, टाका कुठेही नाही. पैसे आणि कागद ठेवायला कमरेला पट्टा बांधायची तेवढी मुभा. म्हणजे कमरबंद इथेही आहेच! ज्या समुद्रात साहेबाने उकाड्यापायी कोट उतरवला, त्याच समुद्रात आमच्या दादांनी सदरा उतरवला.

जुन्या काळी त्याआधी कामरान बेटावर क्वारंटाईन असे. तिथे हाजींचे कपडे काढून घेऊन वाफेच्या भट्टीतून काढीत. तेही उघडे होणेच, पण सक्तीचे. तिथून आलेल्या लोकांनी पटकी, भट्ट्या आणि अपमान यांच्याच आठवणी सांगितल्या. दादांच्या वेळी ते राहिले नव्हते.

मी लहान असताना दादांना विचारले होते की एहराम घातल्यावर सगळे सारखे दिसतात ना? मला शाळेत तसे सांगितले होते. दादा हसले. म्हणाले, लांबून सारखे. जवळून कापड दिसते. वरच्या वर्गातल्या एका शेठच्या खांद्यावर परदेशी टॉवेलचे दाट कापड होते आणि यांच्या खांद्यावर धुळ्याच्या बाजारातला लठ्ठा. शिंप्याच्या बोटांना सूत कळते. पण मग त्यांनी जे सांगितले ते अजून आठवते. पन्नास वर्षे लोकांच्या अंगाची मापे घेतली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्याही खांद्याकडे पाहून माप मनात आले नाही. घ्यायचे कशाचे? शिवायचे काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला फोन केला. नियम तू केलेला नाहीस, एवढेच म्हणालो. नोकरी सोड असे सांगायला मी कोण? त्याच्या पगारावर जळगावात चार माणसे जेवतात. मात्र कमरबंदाची आणि पायजम्याची ही सगळी कुंडली त्याला ऐकवली. तो खूप हसला. वरिष्ठाला सांगतो म्हणाला. सांगू नकोस, असे मीच म्हटले.

मग त्याने सांगितले की सकाळी ते गृहस्थ नाश्त्याला त्याच भोजनगृहात आले होते. याने जाऊन सलाम केला, माफी मागितली. त्यांनी गाव विचारले. जळगाव म्हटल्यावर केळ्यांचा भाव विचारला आणि भरीत अजून काट्यांच्या शेकोटीवरच भाजतात की गॅसवर, हेही विचारले. पंधरा मिनिटे बसले, चहा दोनदा घेतला. अंगावर काय होते, मी विचारले.

"तोच कुर्ता-पायजमा, सर. सकाळी चालतो."