औषध खिडकीवरील रांग आणि प्रतीक्षेचे गणित

सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यानंतर रुग्णाची शेवटची प्रतीक्षा औषध वितरणाच्या खिडकीपाशी असते. ही रांग लांबली की वृद्ध, दीर्घकालीन आजाराचे रुग्ण आणि रोजंदारीवर काम करणारे यांना सर्वाधिक झळ बसते; काही जण औषध न घेताच परततात. ही प्रतीक्षा का वाढते आणि कशी कमी करता येते, याचा विचार ‘रांग सिद्धांत’ ही गणिताची शाखा करते.

या शाखेचा पाया डेन्मार्कचे अभियंते आग्नर क्रारुप एरलांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील कॉलचा अभ्यास करून 1909 मध्ये घातला. पुढे 1961 मध्ये जॉन लिटल यांनी एक सोपा नियम सिद्ध केला : ताशी येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी उपस्थित असणाऱ्यांची सरासरी संख्या. ताशी 40 रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाला 15 मिनिटे लागत असतील, तर औषधालयात सरासरी 10 जण उपस्थित असतात. बाकांची व्यवस्था यावरून ठरवता येते.

प्रतीक्षा मात्र गर्दीच्या प्रमाणात वाढत नाही. एका खिडकीवर ताशी सरासरी 60 रुग्णांना औषध देण्याची क्षमता आहे, असे मानू. रुग्णांचे येणे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ अनियमित असल्यास ताशी 48 रुग्ण आले तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा 4 मिनिटे, 54 आले तर 9 आणि 57 आले तर 19 मिनिटे होते. म्हणजेच कर्मचारी क्षणभरही रिकामा राहू नये, असा आग्रह धरल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

उपाय खर्चिकच असतात असे नाही. वरील क्षमतेच्या दोन खिडक्यांवर ताशी प्रत्येकी 54 रुग्णांच्या स्वतंत्र रांगा असतील, तर प्रतीक्षा 9 मिनिटांची असते. दोन्हींसाठी टोकन देऊन एकच रांग केल्यास ती सुमारे सव्वाचार मिनिटांवर येते. कर्मचारी तेवढेच राहतात. फक्त एका खिडकीवर रांग असताना दुसरी रिकामी राहत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या वेळी जादा खिडकी उघडणे, तसेच दरमहा तीच औषधे घेणाऱ्यांना ठरावीक वेळ देणे, हेही उपयुक्त ठरते.

मात्र वेग वाढवण्यासाठी औषधचिठ्ठीची पडताळणी किंवा मात्रेविषयीचे मार्गदर्शन वगळता येणार नाही. औषधशास्त्र अधिनियम, 1948 नुसार वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे आहे. त्यामुळे टोकन, नोंदणी आणि पैसे घेणे ही कामे इतरांकडे सोपवून त्याचा वेळ रुग्णासाठी मोकळा ठेवणे, हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.