हळद कोणाची?

छावणीच्या बाजारातून आपण पाव किलो हळद आणतो. भाजीत चिमूटभर, कापलेल्या बोटावर चिमूटभर, देवापुढे चिमूटभर. जेजुरीला हीच हळद भंडारा म्हणून उधळतात, लग्नात हीच नवरा-नवरीच्या अंगाला लागते. औषध आणि देवाचं लेणं, दोन्ही एकाच डब्यात.

या हळदीवर एकदा दुसऱ्यांनी हक्क सांगितला होता. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. गंमत अशी, की ते मिळवणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते.

आपल्या देशाच्या सीएसआयआर या संस्थेने त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ‘आमची आजी लावायची’ एवढं सांगून तिथे भागणार नव्हतं, लेखी पुरावा हवा होता. संस्थेने जुने ग्रंथ आणि नियतकालिकं धुंडाळून ३२ संदर्भ मांडले. १९९७ साली पेटंट रद्द झालं, कारण त्यात नवं काहीच नव्हतं. (खरचटलं तर हळद ठीक, पण जखम खोल असेल तर दवाखानाच गाठायचा, बरं का.)

हळद कोणा एकाची नाही, हे आपण अमेरिकेला पटवलं. आणि आपल्या घरात? शेतात हळद काढायला, शिजवायला, वाळवायला नवरा वारलेल्या बाईचे हात चालतात. तिचं बोट कापलं तर हीच हळद लावतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र तिला बोलावत नाही. मग हे आपलं घरगुती पेटंटच झालं की!

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसं करावं, असं परिपत्रक शासनाने त्याच महिन्यात काढलं. इथेही लेखीच कामाला आलं.

म्हणून आम्ही गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला आहे: येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या सभासदांचं. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, अंगठे आहेत. तुमच्या गटाची वही काढा, बायांनो, आणि पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.